अर्धा सूत

ज्यांना सायकल चालविण्यापेक्षा दुरुस्त करण्यातच इतिकर्तव्यता वाटते, त्या गृहस्थांची जात वाचकांच्या पूर्ण परिचयाची असल्यामुळे तिचे लक्षण सांगण्यात शाई न दवडता मी एकदम आमच्या साताऱ्याच्या भाऊसाहेबांकडे वळतो. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाल्यावर, या चढउताराच्या गावात गुडघ्यांचा काही बंदोबस्त असावा म्हणून, त्यांनी आपल्या जुन्या काळ्या सायकलीच्या दांड्याखाली ४८ घन सेंटिमीटरचे एक टू-स्ट्रोक इंजिन बसवून घेतले, आणि तेव्हापासून आजतागायत ते तिच्या क्लचची वायर बसवीत आहेत.

डाव्या मुठीजवळच्या लिव्हरपासून इंजिनाच्या डाव्या कुशीपर्यंत हा सारा प्रवास दोन-अडीच हातांचा. परंतु तेवढ्यासाठी भाऊसाहेबांनी जी मोजणी केली, जे नकाशे काढले आणि ज्या हरकती स्वतःच घेऊन स्वतःच निकाली काढल्या, तेवढा खटाटोप भूमापन खात्याने एखाद्या वादग्रस्त पाणंदीसाठीही केला नसेल. वायर दांड्याच्या पोटाखालून न्यावी, तर ती सिलिंडरच्या तापल्या डोक्याशी लगट करून वितळू पाहते. डावीकडून आखूड न्यावी, तर हँडल उजवीकडे वळताच ती ताणली जाऊन क्लच आपोआप सुटतो आणि इंजिन जागच्या जागी कोकलत राहते. आणि हे टाळण्यासाठी ऐसपैस वळसा द्यावा, तर वायर मालकाच्याच गुडघ्यात अडकते. "मास्तर, वळण मंद हवे," असे ते मला बजावतात. कारण अर्नेस्ट बाउडन नावाच्या गृहस्थाने १८९६ साली जिचे पेटंट घेतले त्या या युक्तीत आतली तार ओढ सोसते, बाहेरची नळी दाब सोसते, आणि नळी जितकी वाकडी तितकी आत तार घासते, हे तत्त्व त्यांच्या मते प्राथमिक शाळेत गणपतीच्या चित्राखाली लावण्याजोगे आहे.

मात्र मार्ग कोणताही असो, भाऊसाहेबांचे खरे दैवत म्हणजे अर्धा सूत. क्लचचा लिव्हर दाबण्यापूर्वी वायरीत इंचाचा सोळावा भाग इतका प्ले असलाच पाहिजे. वायर ताठ राहिली तर क्लच पुरता बसत नाही आणि घसरून जळतो, फाजील सैल राहिली तर पुरता सुटत नाही आणि सायकल स्वाराच्या हुकुमाची वाट न पाहता पुढे सरकू लागते. चेकनट ढिला करायचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, चेकनट आवळायचा, लिव्हर दाबून पाहायचा, आणि मान हलवून पुन्हा चेकनट ढिला करायचा, हा त्यांचा नित्यक्रम.

येथवर तक्रारीला जागा नव्हती. परंतु पुढे हा अर्धा सूत सायकलीवरून उतरून समाजात वावरू लागला. माझ्या पुतणीच्या लग्नात, भटजी मंगलाष्टके म्हणण्याच्या तयारीत असताना, अंतरपाट धरणाऱ्या दोघा मामांना भाऊसाहेबांनी "अर्धा सूत सैल सोडा!" असे फर्मान काढले. गाण्याच्या एका बैठकीत बुवा डोळे मिटून तानपुरा जुळवीत असता पहिल्या रांगेतून तीच सूचना गेली, आणि बुवांनी डोळे उघडून ज्या दृष्टीने पाहिले ती दृष्टी कोणत्याही रागात बसणारी नव्हती. रुग्णालयात मित्राच्या समाचाराला गेले असता रुग्णाशी एक अक्षर न बोलता त्यांनी सलाइनच्या नळीचे वळण तपासले, ते तीव्र ठरविले, आणि परिचारिकेने बाहेर काढीपर्यंत पर्यायी मार्गाची तजवीज चालविली. "तो जपानचा होंडासुद्धा १९४६ साली लष्कराच्या वायरलेसची इंजिने सायकलींना बसवूनच पुढे आला," असे ते एकदा अभिमानाने म्हणाले, तेव्हा आतून वहिनींचा आवाज आला, "त्यांनी त्या विकल्या तरी!"

आता सर्वांत चीड आणणारी गोष्ट. ही सायकल वाड्याच्या फाटकाबाहेर कधीच गेलेली नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये, चारांहून कमी चाकांच्या वाहनाचे इंजिन २५ घन सेंटिमीटरांपर्यंतचे असेल तरच ते मोटार वाहन समजले जात नाही. ४८ चे इंजिन या अपवादात बसत नाही, आणि नोंदणीवाचून रस्त्यावर येणे भाऊसाहेबांना मंजूर नाही. सबब ते सायंकाळी चौकातल्या तुळशीवृंदावनाला तिच्यावरून प्रदक्षिणा घालतात. प्रदक्षिणा उजवी असल्यामुळे हँडल सदैव उजवीकडे वळलेले, त्यामुळे वायर सदैव ताणलेली, आणि त्यामुळे दुरुस्तीला अंत नाही. "एवढेसे कोण पाहणार आहे?" असे मी म्हटले, तर "कायद्यात सैल ठेवता येत नाही, मास्तर," हे उत्तर!

हे उत्तर मी प्रमाण मानून चाललो होतो. पण गेल्या पावसाळ्यात घेवड्याची पिशवी घेऊन खेड्यातला एक वृद्ध शेतकरी वाड्यात आला आणि भाऊसाहेब बाहेर गेलेले असल्यामुळे माझ्यापाशी बसला. भावाच्या मृत्यूनंतरच्या वारसनोंदीत दाखला मिळेना आणि मुदत तर टळलेली, अशा वेळी अर्ज फेटाळून मोकळे होण्याऐवजी भाऊसाहेबांनी तो टेबलावर तसाच ठेवला आणि "अर्धा सूत सैल ठेवलंय, जा, दाखला घेऊन या," एवढेच सांगितले, असे तो म्हणाला. म्हणजे हे वाक्य सायकलीवरच्या इंजिनाहून पुष्कळ जुने होते. त्या अर्जापायी त्यांच्याकडून खुलासा मागविला गेला आणि एक वेतनवाढ रोखली गेली, हे मला नंतर वहिनींकडून कळले. स्वतः भाऊसाहेबांना विचारले, तेव्हा त्यांनी घेवडा कोवळा आहे की जून याचीच चर्चा केली. तेव्हापासून मी त्यांना टाळण्यासाठी पलीकडच्या बोळातून जाणे, नाइलाजाने का होईना, सोडून दिले आहे.

ज्यांच्या क्लचची वायर करकरत असेल त्यांनी खुशाल त्यांच्याकडे जावे, काम चोख होते आणि ते पैसे घेत नाहीत; फक्त परतीची वेळ घरी सांगून निघू नये.