आडवाटेकाका

आडवाटेकाकांचं खरं आडनाव त्यांच्या गेटवरच्या पाटीवर आहे, पण पोस्टमन सोडला तर ते कुणी वापरत नाही. सुपेल्याच्या रविवारच्या बाजाराला अख्खं कोहका सरळ रस्त्याने जातं. काका तीन गल्ल्या फिरून, म्हशींच्या एका गोठ्यामागून बाजारात शिरतात. बाजार तोच, भाजीवाली तीच, कोथिंबिरीचा भावही तोच. पण मागच्या बाजूने येणाऱ्याला भाजीवाली गिऱ्हाईक समजत नाही, घरचा माणूस समजते, असं काकांचं मत आहे. भाजीवालीचं मत मी विचारलेलं नाही.

भिलाईच्या कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर 34 वर्षं काढून काका निवृत्त झाले. सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा इतर अनेकांसारखंच त्यांनीही कोहक्यात घर बांधलं. ('इतर अनेकांसारखंच' हे त्यांच्यासमोर म्हणायचं नाही.) निवृत्तीनंतर माणसाला गुडघे लागतात, नाहीतर देव लागतो; काकांना प्रवास लागला. पर्यटन नव्हे, प्रवास. 'टूरिस्ट' हा शब्द ते खिचडीत खडा लागल्यासारखा उच्चारतात.

गेल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत त्यांनी जाहीर केलं, "डिसेंबरात वाळवंट. पण टूरिस्टी काही म्हणजे काही करायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. माझं पद ठरलेलं असतं: मोबाइलवर शोधणे. काकांनी एक जुनी शिफ्ट डायरी काढली होती. डावीकडच्या पानावर 'वर्ज्य' आणि उजवीकडच्या पानावर 'कार्यक्रम' असे मथळे. दोन तास आम्ही बसलो. 'वर्ज्य'ची चार पानं भरली. समच्या वाळूच्या टेकड्या वर्ज्य. जैसलमेरहून जेमतेम 40 किलोमीटर, तिथे वाळूपेक्षा जीपगाड्या जास्त. तंबूतला मुक्काम वर्ज्य. कालबेलिया नाच वर्ज्य, कारण 2010 मध्ये युनेस्कोने त्याला यादीत घेतलं, आणि यादीत असलेली गोष्ट काका पाहत नाहीत. सूर्यास्त वर्ज्य.

"काका, सूर्यास्त?"

"तू समजून नाही राहिला, बाबू. सूर्यास्त पाहायचा नाही असं नाही. तो होईल. आपण तिकडे तोंड करून बसायचं नाही."

खुद्द किल्लाही वर्ज्य ठरला, आणि त्याला कारण शेजारचे बंगाली दादा. भिलाईत भिंतीपलीकडे कुठलंही राज्य निघतं. आमच्या पलीकडे बंगाल आहे. सत्यजित राय यांनी 1974 साली 'सोनार केल्ला' काढला तेव्हापासून जैसलमेरचा किल्ला हे बंगाली माणसाचं जवळजवळ तीर्थक्षेत्रच झालं. दादा तीनदा जाऊन आलेले. त्यांनी भिंतीवरूनच रावळ जैसलने 1156 मध्ये किल्ला बांधला इथपासून सुरुवात केली, तीन दिवसांचा कार्यक्रम वेळांसकट सांगितला आणि कुठल्या बुरुजावर फोटो चांगला येतो तेही सांगितलं. काकांनी सगळं उतरवून घेतलं. डावीकडच्या पानावर.

या जातीच्या माणसाची खरी गंमत मला तेव्हा कळली. साधा पर्यटक दोन ठिकाणं पाहतो, कचोरी खातो आणि परत येतो. काकांना मात्र काय टाळायचं ते कळण्यासाठी सगळं पाठ करावं लागतं. आज कोहक्यात जैसलमेरची सहल काढायची झाली तर काकांइतका जाणकार वाटाड्या दुसरा नाही.

उजव्या पानासाठी ते अनुपम मिश्रांकडे वळले. 'राजस्थान की रजत बूंदें' हे पुस्तक त्यांनी तीनदा वाचलं होतं. मग गच्चीवर आमचे वर्ग सुरू झाले. वाळूखाली खडियाची, म्हणजे जिप्समची, पट्टी असते. पावसाची ओल तिच्यावर अडते, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ती ओल थेंबाथेंबाने गोळा करायला जी अरुंद विहीर खणतात ती कुईं. आत माणूस धड वाकूही शकत नाही. चेजारो आखूड दांड्याच्या बसौलीने खणत खाली जातो. दुसरा धडा खडीनचा. उताराच्या पायथ्याशी बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, ते जिरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पालीवाल ब्राह्मणांची ही विद्या. वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस नाही तिथे गहू! तेवढा पाऊस आमच्याकडे जुलैच्या एका आठवड्यात पडून जातो आणि काकांच्या गल्लीत गुडघाभर साचतो. त्यावर मात्र आम्ही काहीच पेरत नाही.

हे ऐकताना मी खरोखर रमलो होतो, हे कबूल करतो. दूधवाला मात्र रमला नाही. चरवी खाली ठेवून म्हणाला, "रेती देखे बर अतेक दूरिहा जाहू? शिवनाथ म रेती नइ हे का?" काकांनी त्याला उत्तर दिलं नाही. शिवनाथची रेती डायरीत कुठल्या पानावर लिहायची ते त्यांना ठरवता येईना, असा माझा अंदाज.

काकूंची मागणी एकच होती. "मला एकदा उंटावर बसून घ्यायचं आहे. बाकी तुम्ही म्हणाल तो खड्डा पाहू."

उंट 'वर्ज्य'मध्ये पहिल्या क्रमांकावर होता.

मुक्कामासाठी आधी खुडी ठरलं. मग मला कुठेतरी 'खुडीला गर्दी कमी असते' असं वाक्य दिसलं आणि काका हबकले. "गर्दी कमी असते हे छापून आलं ना? मग संपलं." शेवटी, प्लांटमधल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या जावयाच्या ओळखीने एक गाव निघालं. त्याचं नाव काकांनी मला सांगितलं नाही. काकूंनाही सांगितलं नाही. दुर्ग स्टेशनवर, बिलासपूरहून भगत की कोठीला जाणारी गाडी यायची होती, तेव्हा काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मेलं गेलो कुठे ते पोरांना कळायला तरी हवं."

परत आल्यावर हकिगत काकूंकडूनच कळली. यजमान शेतकरी, घरी शेळ्या आणि एक उंट. काकांनी गेल्या गेल्या कुईं दाखवा म्हटलं. यजमानाने कौतुकाने आधी नळ दाखवला. कालव्याचं पाणी गावात आलंय, तोटी सोडली की धार. त्याने ती दोनदा सोडून दाखवली. कुईं होती, पण झाकलेली. काका तिच्या काठावर पालथे पडून आत पाहत राहिले आणि गावातली पोरं काकांना पाहत राहिली. माळढोकासाठी दोन पहाटा थंडीत कुडकुडत बसले. तिकडे तो गोडावण, राजस्थानचा राज्यपक्षी. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे, पण पक्षी मात्र नावापुरता. राजस्थानातही तो दिसला नाही. "दिसला नाही हेच अस्सल," काका म्हणाले. "सगळ्यांना दिसला असता तर पाहण्यात काय होतं?"

तिसऱ्या दिवशी यजमानाने उंट काढला आणि काकू बसल्या. मी काकांकडे पाहिलं.

"तो टूरिस्टी उंट नव्हता," काका म्हणाले. "घरचा होता."

निघताना काकांनी रीतीप्रमाणे म्हटलं, एकदा आमच्याकडे या. लोक असं म्हणतात. ऐकणारा येत नाही, हे त्यात गृहीत असतं. यजमान जुलैत आला.

त्याच्या येण्याच्या आधी आठवडाभर शिफ्ट डायरी पुन्हा बाहेर निघाली. 'वर्ज्य' हा मथळाच नव्हता. सकाळी मैत्रीबाग: 1972 ची, भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण, पांढरे वाघ. मग तलावात नावेतून फेरी. संध्याकाळी सिव्हिक सेंटर, चाट. दुसऱ्या दिवशी कारखान्याचं बाहेरून दर्शन. 1959 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिली भट्टी सुरू केली तिथपासूनचं भाषण तयार होतं. फोटो कुठे काढायचे त्यावर खुणा केल्या होत्या.

यजमान पोचला त्या दुपारी पाऊस लागला. त्याने व्हरांड्यात प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, पाय वर घेतले आणि गल्लीतल्या पाण्याकडे पाहत बसला. पन्हाळीची धार, वाहत जाणारी चप्पल, अंगणातल्या अळूच्या पानावर नाचणारे थेंब. मध्येच हात बाहेर काढून तळवा ओला करायचा आणि तोंडावरून फिरवायचा. काकूंनी गरम चीला आणून दिला, तो त्याने पावसावरची नजर न हलवता खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काकांनी मैत्रीबागेचा विषय पुन्हा काढला तर म्हणाला, "बाबूजी, आप हो आओ. मैं यहीं ठीक हूं."

काका छत्री हातात घेऊन दारात उभे होते. मी भेटायला गेलो तर मला कोपऱ्यात ओढून, आवाज दाबून म्हणाले, "तूच सांग त्याला. इतक्या लांबून भिलाईला येऊन मैत्रीबाग पाहिली नाही, तर गावात लोक काय म्हणतील?"