ओटीपी वीटभट्टीवर गेला

विद्यापीठाचं ॲप नव्याने करायचं ठरलं की पहिली बैठक रंगावर होते. दुसरी, कुलगुरूंचा फोटो डावीकडे की उजवीकडे यावर. मग चहा.

पालघर जिल्ह्यातल्या तलासरीच्या पोरीला हवं असतं हॉल तिकीट. घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात. आणि बाप दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर. पोरगी मैत्रिणीच्या फोनवर नंबर टाकते, ओटीपी भट्टीवर जातो. बापाने चिखलाचे हात धुऊन फोन काढेपर्यंत मुदत संपते. ‘पुन्हा प्रयत्न करा’, ॲप बजावतं. तेही इंग्रजीत. शेवटी ती नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते. तो पैसे घेतो, पण काम करून देतो. या भागातलं खरं विद्यार्थी सुविधा केंद्र तेच.

मुंबई विद्यापीठाचा पसारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत. अडलं तर मुंबईत कलिनाच्या संकुलात या, म्हणायला काय जातं? तलासरीला रेल्वे नाही. आधी डहाणू रोड गाठा, मग लोकल. ती लोकलही डहाणूपर्यंत आली २०१३ मध्ये. एका शिक्क्यासाठी अख्खा दिवस जातो, वर त्या दिवसाची मजुरी. म्हणून ॲप हवंच. फक्त ते तपासताना हातात कुणाचा फोन आहे तेवढं बघा.

घाईचं फळ याच विद्यापीठाने चाखलंय. २०१७ मध्ये १७ लाखांवर उत्तरपत्रिका एकदम संगणकावर तपासायला घेतल्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं गेलं. पोरांचं वाया गेलेलं वर्ष मात्र कुणी परत केलं नाही.

डहाणू-तलासरीची जमीन २०१८ च्या नोव्हेंबरपासून अधूनमधून हादरते. धुंदलवाडीच्या लोकांना ठाऊक झालंय, भिंत हलली की अंगणात पळायचं. सर्व्हर पडला की कुठे पळायचं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा साहेब, पुढची बैठक धुंदलवाडीत घ्या. काचेला तडा गेलेला, जुना, एका काडीच्या रेंजचा फोन घ्या आणि त्यावर स्वतः परीक्षेचा फॉर्म भरून दाखवा. निकाल, हॉल तिकीट, शिष्यवृत्तीची तारीख साध्या मराठीत एसएमएसने पाठवा. फोटो कुठे लावायचा ते आम्ही नंतर सांगू.