घर नावावर, मुक्काम मर्जीवर

इंग्लंडच्या पावसाला कंटाळलेला निवृत्त माणूस स्पेनमध्ये घर शोधायला निघतो, तेव्हा आधी काय बघतो? ऊन. मग समुद्र किती लांब ते. मग गच्चीत खुर्च्या किती मावतील ते. कागद बघायची पाळी येते, तेव्हा बयाणा देऊन झालेला असतो.

हाच माणूस स्वतःच्या देशात घर घेताना सॉलिसिटर नेमतो, भिंतीत ओल आहे का हे तपासायला सर्व्हेअर बोलावतो, सांडपाण्याच्या नळाचीही चौकशी करतो. स्पेनमध्ये मात्र घर विकणाऱ्या एजंटानेच सुचवलेल्या वकिलाकडे जातो. वकिलाला इंग्रजी येतं, तेवढ्यावर त्याचं समाधान होतं. पण वकील नेमका कुणाचा?

हे न विचारल्याची किंमत दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात हजारो कुटुंबांनी मोजली आहे.

अल्मेरिया प्रांतातलं वेरा गाव घ्या. तिथल्या नगरपालिकेने परवानगी दिली आणि एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याने आयुष्याची पुंजी घालून घर बांधलं. प्रादेशिक सरकारने त्या परवानगीलाच आव्हान दिलं. जानेवारी 2008 मध्ये दारात यंत्रं आली आणि घर जमीनदोस्त झालं. गॅरेज तेवढं उरलं. ती दोघं त्या गॅरेजमध्येच राहू लागली.

परवानगीचा कागद खरा होता. जमीन बांधकामाची नव्हती.

एनए न झालेल्या प्लॉटवर पैसे अडकवलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. तिकडे काय आणि इकडे काय, परवानगी देणारा साहेब बदलून जातो आणि घर घेणारा तिथेच असतो.

‘पण नोटरीसमोर सही झाली होती!’ असं हे लोक नंतर सांगतात. स्पेनमधला नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर शिक्के मारत बसणारा माणूस नव्हे, हे खरं. तो मोठा कायदेपंडित असतो, खरेदीखत मोठ्याने वाचून दाखवतो, ओळख पटवतो. पण बांधकाम नियमात बसतं याची हमी तो देत नाही. मालक कोण आणि कर्जाचा बोजा किती, हे नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यात कळतं. त्याला ‘नोता सिंप्ले’ म्हणतात आणि तो दहा-बारा युरोंत मिळतो. बांधकामाचं मात्र नगररचना खात्यात जाऊन स्वतः विचारावं लागतं. दोन लाख युरो मोजणारा माणूस ही एक फेरी टाळतो!

मग काय होतं? घराला भोगवट्याचा दाखला नाही, म्हणून वीज कंपनीकडून कायमची जोडणी नाही. बिल्डरने बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या मीटरवर अख्खी वसाहत वर्षानुवर्षं चालते. एकाच वेळी किटली आणि हीटर लावला की सगळीकडे अंधार. बिल्डर तोवर दिवाळखोरीत गेलेला असतो. वीज तोडली तर भांडायचं कुणाशी?

सोसायटीची थकबाकी हा आणखी एक काटा. स्पॅनिश कायद्याप्रमाणे आधीच्या मालकाने थकवलेला देखभाल खर्च, चालू वर्षाचा आणि त्यामागच्या तीन वर्षांचा, नव्या मालकाच्या घराकडून वसूल होतो. आपल्याकडे लोक ‘ना हरकत’ मिळाल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाहीत. तिथेही तसा दाखला मिळतो. मागायला हवा.

स्वस्ताईची भुरळ कुठवर नेते, ते उत्तर सायप्रसमध्ये दिसलं. 1974 मध्ये तुर्की सैन्य आलं आणि ग्रीक सायप्रियट कुटुंबं घरदार सोडून दक्षिणेला पळाली. त्यांच्या जमिनींवर पुढे व्हिला उठले आणि ब्रिटिशांना विकले गेले. भाव इतका कमी का, हे विचारायला नको? एका मूळ मालकाने ब्रिटिश खरेदीदारांविरुद्ध दक्षिणेतल्या कोर्टात दावा जिंकला. 2009 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की हा निकाल ब्रिटननेही मानायचा. सायप्रसमधल्या स्वस्त व्हिलापायी इंग्लंडातली मालमत्ता पणाला लागली.

मला यात घर गमावलेल्या दोघांचंही वाईट वाटतं. पण आधी घर कुणाचं गेलं, हे विसरता येत नाही.

बरं, समजा कागद चोख निघाले. मग खुशाल राहता येतं?

नाही.

ब्रिटनने युरोपीय संघ सोडला आणि 31 डिसेंबर 2020 ला संक्रमणाचा काळ संपला. त्याआधी जे तिथले रहिवासी झाले, त्यांचे हक्क टिकले. बाकीच्यांना व्हिसाशिवाय कोणत्याही 180 दिवसांत फक्त 90 दिवस. खरेदीखत तुमच्या नावाचं, वीजबिल तुमच्या नावाचं, आणि मुक्काम किती ते सीमेवरची नोंद ठरवणार. घर वर्षभर बंद राहिलं तरी स्पेन त्यावर मानीव उत्पन्न धरून कर घेतो, युरोपीय संघाबाहेरच्या माणसाकडून 24 टक्क्यांनी. राहू देत नाहीत, पण बिल पाठवतात.

वर्षानुवर्षं तिथे राहून नोंदणीच न केलेले लोकही होते. कर चुकेल, कटकट टळेल, हा हिशेब. ब्रेक्झिटनंतर तेच लोक जुनी भाडेपावती नि डॉक्टरची चिठ्ठी शोधत फिरले. आपण इथे राहत होतो, हे सिद्ध करायला!

पैसेवाल्यांसाठी 2013 पासून एक दार होतं. पाच लाख युरोंची मालमत्ता घ्या, राहण्याचा परवाना मिळवा. एप्रिल 2025 मध्ये स्पेनने ते बंद केलं. बरं केलं. मालागात शिकलेल्या, तिथेच नोकरी करणाऱ्या तरुणाला भाड्याची खोली परवडत नसेल, तर त्याच्या गावात कुलूपबंद फ्लॅट साठवू द्यायचे कशासाठी? 2024 मध्ये मालागाचे आणि कॅनरी बेटांचे लोक रस्त्यावर उतरले, ते उन्हाच्या विरोधात नव्हते. पंतप्रधान सांचेझ यांनी जानेवारी 2025 मध्ये संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर शंभर टक्क्यांपर्यंत कर लावायचा प्रस्ताव मांडला. त्यातून घरं स्वस्त होतीलच असं नाही. पण राग कुठून येतो, ते तरी ऐका.

भाड्याने राहणं यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं. तिथला कायदा राहत्या घराच्या भाडेकरूला साधारण पाच वर्षांचं संरक्षण देतो. म्हणून घरमालक काय करतात? ‘हंगामी’ म्हणून अकरा महिन्यांचा करार पुढे सरकवतात. अकरा महिने! पुण्या-मुंबईच्या वाचकाने आता मान हलवली असेल. दोन खंड, दोन कायदे, पण भाडेकरूला टिकू द्यायचं नाही म्हटलं की आकडा तोच.

तरीही आधी भाड्याने राहा, तेही जानेवारीत. उन्हाळ्यासाठी बांधलेल्या त्या फरशीच्या घरांत जानेवारीत हाडं गारठतात. समुद्रकिनाऱ्यावरची निम्मी हॉटेलं बंद, बस कमी, दवाखान्यात स्पॅनिशशिवाय बोलणं नाही. सत्तरीनंतर गाडी चालवणं सुटलं की डोंगरावरच्या त्या सुंदर घरातून औषधाच्या दुकानापर्यंत कसं जायचं? हा प्रश्न जाहिरातीत नसतो.

कायदा न बघता घर घेण्याचा हाच प्रकार गोव्यातही घडला. 2000 नंतर उत्तर गोव्यात कितीतरी ब्रिटिशांनी घरं घेतली. परकीय चलनाचा फेमा कायदा स्पष्ट आहे. मूळचा भारतीय नसलेला परदेशी माणूस इथला रहिवासी ठरल्याशिवाय स्थावर घेऊ शकत नाही. आदल्या आर्थिक वर्षात 182 दिवसांहून जास्त मुक्काम हवा आणि टूरिस्ट व्हिसावर ते बसत नाही. भाडेपट्टा मात्र पाच वर्षांपर्यंत चालतो. दलालांनी भाडेपट्टा सुचवला नाही, कारण त्यात दलाली थोडी. पुढे ईडीच्या नोटिसा आल्या त्या घेणाऱ्यांना. शिवाय भारतात स्थायिक झालेल्या ब्रिटिश माणसाचं सरकारी पेन्शन दरवर्षी वाढत नाही, सुरुवातीच्या आकड्यावर गोठतं. स्पेनमध्ये ते वाढतं. निघण्यापूर्वी हे कुणी सांगितलं होतं?

आणि आता आपला माणूस. हॅरोला किंवा लेस्टरला चाळीस वर्षं काढून ब्रिटिश नागरिक झालेला, साताऱ्याकडे परतू पाहणारा. ओसीआय कार्डावर तो फ्लॅट घेऊ शकतो, शेतजमीन आणि फार्महाऊस नाही. वारशाने आली तर गोष्ट वेगळी. त्याला ओढ्याकाठी दोन एकर हवे असतात आणि ती ओढ खरी असते. मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘काका, पुतण्याच्या नावावर करून टाकू, कोण विचारतंय?’

काका, बेनामी व्यवहारात जमीन जप्त होते. चहा अर्धा ठेवा, उठा आणि गावात भाड्याचं घर बघा.