भिंतीवरचा कोळसा

फोटोग्राफरने कुत्र्याची जात विचारली नाही, वय विचारलं नाही, चावतो का हेसुद्धा विचारलं नाही. "काकाजी, फोटो लावणार कुठं?" एवढंच विचारलं आणि माझी पंचाईत झाली. खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. आमच्या बैठकीत सोफ्याच्या वर ओल येऊन भिंतीचे पोपडे निघाले आहेत, आणि पेंटरचा आकडा ऐकल्यापासून मला आमच्या कोळशाबद्दल एकाएकी कलात्मक प्रेम दाटून आलं होतं.

कोळसा गावठी आहे, पण ऐट खानदानी. मेहुण्यांनी वणीहून आणून दिला आणि तिकडच्या खाणींची अब्रू राखेल असा रंग, म्हणून हे नाव.

तर फोटोग्राफरच्या सांगण्यावरून मी बायकोच्या शिवणाच्या टेपने भिंत मोजली. सोफा ६ फुटी, म्हणजे फ्रेम त्याच्या दोन-तृतीयांश, ४ फुटांच्या आसपास, आणि आडवीच हवी. उभी लावली तर सोफा नुसताच पसरलेला दिसतो. मधोमध डोळ्याच्या उंचीला यावी. समोर ट्यूबलाइट, म्हणून काच नको, मॅट प्रिंट बरी, नाहीतर कुत्र्याच्या जागी ट्यूबच दिसायची. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं, आणि लग्नसराईत फ्रेमवाल्याला सवड नसते म्हणून फ्रेम आधीच करायला टाकून मोकळा झालो. मग फोटोग्राफर सहज म्हणाला, "भिंतीले ओल तं नाही ना? फोटोले बुरशी धरते." म्हणजे पोपडे झाकायला फोटो लावायचा, तर आधी पोपडे काढायचे.

पेंटर दुसऱ्याच दिवशी आला.

आईचा विरोध निराळा होता. "भिंतीवर देव लावतात, नाहीतर गेलेले," ती म्हणाली. मी दत्ताच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. दर वर्षी माहूरला जाणारं आमचं घर. दत्ताच्या पायाशी चार-चार कुत्री आहेत आणि आपण रोज त्यांना उदबत्ती ओवाळतो, असा बिनतोड मुद्दा मांडला.

"ते चार वेद आहेत," आई म्हणाली. "हा चपला खातो."

मुहूर्त डिसेंबरातल्या सकाळचा काढला, कारण उन्हाळ्यात आमच्या यवतमाळचा पारा ४५ला टेकतो आणि तेव्हा कोळशाचा फोटो म्हणजे निव्वळ जिभेचा फोटो. शिवाय काळ्या कुत्र्याचं दुखणं वेगळंच. कॅमेऱ्याला जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं वाटतं, त्यामुळे काळं काही समोर आलं की तो उजेड वाढवून त्याची राखाडी करून टाकतो. उजेड कमी करावा तर डोळे काळ्यात बुडतात. म्हणून खिडकीशी बसवायचा, बुबुळात खिडकीचा ठिपका चमकला पाहिजे. आणि येताना कुत्रं दमवून आणायचं, म्हणजे शांत बसतं. त्याप्रमाणे आझाद मैदानाला फेऱ्या मारून, दत्त चौकातून उलटा ओढला जात मी घरी आलो तेव्हा दोघांपैकी एक चांगलाच दमलेला होता. कोळसा ताजातवाना होता.

खिडकीशी त्याला सोडून बाकी सगळे बसले. आमच्या लहानपणी तबकडीवर भोंग्याशी कान लावून बसलेला एचएमव्हीचा कुत्रा मला आठवत होता. कसा शहाण्यासारखा बसलाय! पण तो निपर १८९५ साली मेला आणि फ्रान्सिस बॅरोने त्याचं चित्र काढलं ते त्यानंतर. पुढे १८९९मध्ये कंपनीच्या सांगण्यावरून चित्रातलं यंत्रसुद्धा बदललं, तरी कुत्रा जागचा हलला नाही. ही सोय आम्हाला नव्हती. आमच्याच जिल्ह्यात टिपेश्वरचे वाघ झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यासमोरून जाता जाता स्वच्छ फोटो देऊन जातात, ना बिस्किट ना विनवणी, आणि इथे घरचं कुत्रं सोफ्याखालून बाहेर यायला तयार नाही.

"हे तं बसूनच नाही राह्यलं, काकाजी," असं म्हणत फोटोग्राफर फरशीवर पालथा पडला, कारण कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्याच्या रेषेत हवा. मग कोळशाचं लक्ष वेधायला मीही पडलो. आधी शिट्टी वाजवली, मग मांजराचा आवाज काढला, त्यावर शेजारचं खरं मांजर आलं, त्याच्यामागे कोळसा माझ्या पाठीवर पाय देऊन गेला, शेवटी तोंडात ग्लुकोजचं बिस्किट धरून, डोळे मिटून, दोन्ही हात जोडून मी म्हणालो, "बस रे बाबा."

क्लिक तेव्हाच झालं.

फोटो आले तेव्हा कोळशाचे जे दोन-चार बरे होते ते सगळे उभे. फ्रेम आडवी, तयार, पैसे चुकते केलेली. आडव्यात स्वच्छ असा एकच निघाला: मी, मिटलेले डोळे, जोडलेले हात, चेहऱ्यावर संसारातून सुटल्याची कळा. ओठांतलं बिस्किट फोटोग्राफरने कॉम्प्युटरवर प्रेमाने पुसून टाकलं होतं. उजव्या कोपऱ्यात शेपटीचा शेंडा आहे. तो कोळशाचा, हे सांगावं लागतं.

"फ्रेम काही वाया घालवायची नाही," बायको म्हणाली आणि आजोबांच्या शेजारी खिळा ठोकून घेतला. आईने या वेळी काहीच हरकत घेतली नाही, हे मला जरा लागलं.

परवा मी जिना चढत होतो, दार उघडंच होतं. नवीन सिलिंडरवाला पोरगा भिंतीकडे बघत डोक्यावरची टोपी काढून उभा. हळूच त्याने बायकोला विचारलं, "काकी, काकाजी कधी गेले?"

"आत्ताच," ती पैसे मोजता मोजता म्हणाली. "दही आणायला."