दोन्ही हात मोकळे हवेत

आमच्या सोसायटीत माणसाला नाव नसतं, नंबर असतो. थकबाकीच्या यादीत, पार्किंगच्या भांडणात आणि गणपतीच्या वर्गणीत तोच चालतो. म्हणून इथेही माणसं नंबरानेच येतील. बी-४०२ हा आयटीतला. सी-१०१ सीएची परीक्षा तिसऱ्यांदा देतोय. आणि ए-६०३ म्हणजे आमचे चिरंजीव. मीही ए-६०३च, पण हप्ते भरण्यापुरता.

२०२५च्या ऑक्टोबरातली गोष्ट. भाईंदर पूर्वेला घराघरांतून चकलीच्या भाजणीचा वास सुटला होता आणि गेटजवळच्या बाकड्यावर ही तिघं एखाद्याचं कोणी आयसीयूत असावं तशा चेहऱ्याने बसली होती. मी ऑफिसातून परतत होतो. विचारलं, "काय झालं रे?"

"काका, एक लाख चौदा हजार नऊशे नव्वद," बी-४०२ म्हणाला.

मला वाटलं, कुणाच्या तरी मेंटेनन्सची थकबाकी. पण तसं नव्हतं. १६ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, आसुस आणि मायक्रोसॉफ्ट यांचं 'आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय' नावाचं यंत्र विक्रीला येणार होतं. मध्ये सात इंची पडदा, दोन्ही बाजूंना मुठी, मुठींवर बटणं आणि आत अख्खा कॉम्प्युटर. साधं ६९,९९० रुपयांना, आणि त्याचं 'एक्स' नावाचं थोरलं भावंड त्या थकबाकीच्या रकमेला.

"मग घ्यायचंय कुणाला?"

तिघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी क्रिकेटची मॅच बघणाऱ्याला विचारलं, बॅटिंगला कधी उतरतोस.

घ्यायचं कुणालाच नव्हतं. प्रतिक्रिया द्यायच्या होत्या, आणि त्या देण्यात पंधरा दिवस गेले. बी-४०२चं म्हणणं होतं की एवढ्या पैशांत चांगला लॅपटॉप येतो, वर बॅग फुकट. सी-१०१चा आक्षेप तात्त्विक होता. "काका, नाव एक्सबॉक्स. पण एक्सबॉक्सची डिस्क यात लागत नाही. आतून विंडोजच आहे. बाहेर पाटी मालवणी खानावळीची आणि आत गेलं की पनीर!" आमचे चिरंजीव काहीच बोलले नाहीत. बापाच्या काळजाचा ठोका चुकावा असं तेच एक लक्षण होतं.

या पोरांना या यंत्रांची वंशावळ तोंडपाठ आहे. खाडी ओलांडली की वसई. तो किल्ला चिमाजी अप्पांनी कधी घेतला, विचारा. १७३९ म्हणायला एकाचीही जीभ उचलणार नाही. पण व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक? "फेब्रुवारी २०२२. आपल्याकडे अधिकृत विकायला आणलाच नाही त्यांनी." हे वाक्य टिळक पुण्यतिथीच्या भाषणातल्या आवाजात म्हणायचं असतं. मग आसुसचा पहिला अ‍ॅलाय. त्याची घोषणा २०२३ सालच्या १ एप्रिलला झाली, त्यामुळे जगभरच्या लोकांनी ती थट्टा समजून हसण्यावारी नेली. जुलैत तो खरोखरच भारतात आला. मग लेनोवोचा लीजन गो. त्याच्या मुठी सुट्या निघतात आणि त्यातली एक टेबलावर उभी करून माउससारखी फिरवता येते. मग एमएसआयचा क्लॉ. पेशव्यांच्या गादीवर कोण कधी बसलं हे इतकं पाठ असतं तर पोरं एमपीएससी झाली असती.

मला या सगळ्यात एकच गोष्ट भावली, आणि ती मीच शोधून काढली. हातात धरायच्या एका गाजलेल्या व्हिडिओ गेमचा जन्मच मुळी आगगाडीत झाला. जपानच्या निन्तेन्दो कंपनीत गुनपेई योकोई नावाचे एक गृहस्थ होते. बुलेट ट्रेनमध्ये त्यांना कोणी एक नोकरदार दिसला. वेळ जात नाही म्हणून तो कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. त्यावरून योकोईंना खिशात मावणारा खेळ सुचला, असं सांगतात. १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' निघाला आणि १९८९ मध्ये चार पेन्सिल सेलवर चालणारा गेम बॉय.

माझं लक्ष मात्र एका क्रियापदावर अडकलं. बसला होता. तो नोकरदार *बसला होता*. योकोईसाहेबांनी सकाळी भाईंदरहून विरार फास्टमध्ये शिरून दाखवलं असतं तर त्यांना नोकरदाराचा हात दिसला असता, पण तो कोणत्या नोकरदाराचा हे दिसलं नसतं. आमचा एक हात कडीला असतो, दुसरा छातीशी धरलेल्या सॅकवर. नाक खाजलं तर दादरपर्यंत थांबावं लागतं. विरारवाल्यांच्या गाडीत भाईंदरवाल्याला उतरायला मिळालं तरी तो देव्हाऱ्यात दिवा लावतो. आणि हे यंत्र कुणासाठी, तर म्हणे प्रवास करणाऱ्यांसाठी.

ही शंका मी बाकड्यावर मांडली. एरवी मी काही बोललो की पोरं "हो काका" म्हणून मोबाइलमध्ये बघतात. या वेळी सन्नाटा पसरला. बी-४०२ गंभीरपणे म्हणाला, "वजनाची टेस्ट करायला पाहिजे."

टेस्ट तांदळावर झाली. थोरल्या अ‍ॅलायचं वजन ७१५ ग्रॅम. आमच्या घरातून चकलीसाठी काढून ठेवलेला चपटा डबा बाहेर गेला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या काट्यावर, डब्याचं वजन धरून, नेमकं ७१५ होईपर्यंत त्यात तांदूळ भरले गेले. भाजीवाला विचारत होता, "कोणाचं लग्न आहे?" मग तो डबा दोन्ही हातांत छातीसमोर धरून सी-१०१ बाकड्यावर बसला आणि अंगठे हलवू लागला. समोर घड्याळ लावलं होतं. स्टीम डेक कसा लागेल ते पाहायचं म्हणून मूठभर तांदूळ कमी करून ६६९ केले. लीजन गोसाठी भर घालून ८५४. बाविसाव्या मिनिटाला सी-१०१चं मनगट थरथरायला लागलं. चोविसाव्या मिनिटाला सेक्रेटरी खाली आले. भर संध्याकाळी एक तरुण तांदळाच्या डब्याकडे एकटक बघत अंगठे नाचवतोय, हे पाहून ते काही न बोलता वर गेले. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर 'तरुण पिढी आणि व्यसनमुक्ती' या व्याख्यानाची चिठ्ठी लागली.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, तांदूळ परत डब्यात पडू देत. रेशनचे नाहीत ते, कोलम आहे."

बॅटरीचा हिशोब बी-४०२ने मांडला. तो वजनाइतका अवघड गेला नाही, कारण आमच्याकडे वेळ मोजायचं एकक पिढ्यानपिढ्या एकच आहे, ते म्हणजे स्टेशन. पहिल्या पिढीतल्या काही यंत्रांना ४० वॉट-अवरची बॅटरी. जड गेम लावला की यंत्र पडद्यासकट तीसेक वॉट खातं. ४० भागिले ३०. एक तास वीस मिनिटं. म्हणजे स्लो गाडीने भाईंदर ते चर्चगेट. नव्या थोरल्याला ८० वॉट-अवर. म्हणजे जाऊन-येऊन. मला आयुष्यात प्रथमच विजेचं गणित समजलं. शाळेत मास्तरांनी वॉटऐवजी बोरिवली, अंधेरी शिकवलं असतं तर मी इंजिनिअर झालो असतो.

आणि डिसेंबरात चिरंजीवांनी यंत्र आणलं. नवं नाही, वापरलेलं. कोणत्या कंपनीचं ते लिहीत नाही. जे काही पुढे झालं त्यात कंपनीचा दोष नव्हता, आमच्या घराण्याचा होता. किंमत विचारली तर म्हणाला, "बाबा, ते महत्त्वाचं नाही." हेच वाक्य मी २००४ साली सोफा आणला तेव्हा वापरलं होतं. त्यामुळे मी गप्प बसलो.

सोमवारी आम्ही दोघं एकाच गाडीने निघालो. त्याचं ऑफिस अंधेरीला, माझं चर्चगेटला. भाईंदरहूनच सुटणारी स्लो. गाडी फलाटाला लागता लागता आत उडी टाकायची विद्या मी त्याला लहानपणीच दिली आहे. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्याने खिडकी पकडली, मी शेजारी. त्याने सॅकमधून यंत्र काढलं. मी छाती पुढे काढली.

यंत्र म्हणालं, अपडेट आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून मीरा रोडपर्यंत ते झालं. मग म्हणालं, शेडर तयार होत आहेत. शेडर म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण त्यांची तयारी आमच्या इमारतीच्या रंगकामासारखी होती. टक्के दिसत होते, काम दिसत नव्हतं. दहिसर गेलं. बोरिवलीला जो लोंढा आत आला त्याने आमच्या गुडघ्यांमध्ये एक काका उभे केले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, एक हात कडीला, दुसऱ्यात जेवणाची पिशवी. त्यांचं नाक बरोबर पडद्यावर आलं.

"कितीला?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसचं आहे," चिरंजीव म्हणाले. खोटं कसं बोलावं हे शिकवल्याचं मला आठवत नाही, रक्तातच असणार.

'एल्डन रिंग' नावाचा जपानी खेळ सुरू झाला. वाटेत मार्गिट नावाचा एक दैत्य आडवा येतो. शिंगं, शेपटी, अंगावर फाटकी घोंगडी आणि हातात काठी. एकंदर मला आमच्या सेक्रेटरींचीच आठवण झाली. कांदिवलीला त्याने चिरंजीवांना मारलं. मालाडला मारलं. गोरेगावला तर चिरंजीव दोन पावलं पुढे गेले आणि गेले. दर वेळी पडद्यावर लाल अक्षरं यायची आणि काका शांतपणे म्हणायचे, "परत मेला."

चौथ्यांदा सुरू झालं तेव्हा काकांना राहवेना. "अरे, तो फसवतोय तुला. काठी वर नेतो ना, की थांबतो जरा. दहिसरच्या सिग्नलला गाडी थांबते तशी. वाटतं सुटली, पण सुटत नाही. आणि तू आधीच उडी मारतोस. कोणत्या स्टेशनात राहतोस तू?"

"भाईंदर."

"आणि तरी?"

मुलगा शरमला. पण सल्ला पाळला. काठी वर गेली, तो थांबला. काठी खाली आली, तो लोळून बाजूला झाला. काका म्हणाले, "हां." मागच्या बाकावरच्या पत्तेवाल्यांनी पत्ते मांडीवर पालथे घातले. दरवाज्याकडून कोणीतरी विचारलं, "स्कोर काय झाला?" मार्गिटचा जीव दाखवणारी लाल पट्टी निम्म्यावर आली होती, आणि जोगेश्वरी गेली.

आता अंधेरीला उतरायचं तर माणसाने गोरेगावलाच उठायला हवं. मी म्हटलं, "अरे, ऊठ! थांबव ते!"

"बाबा, या गेमला पॉज नाही!"

म्हणजे जपानी माणसाने शेवटी लोकलच बनवली होती. गाडी अंधेरीच्या फलाटात शिरली. चिरंजीवांनी यंत्र माझ्या हातात कोंबलं. "धरा, फक्त लांब पळत राहा!" असं ओरडून ते डोक्यांच्या समुद्रात दिसेनासे झाले.

मी आयुष्यात हातात घेतलेला शेवटचा खेळ म्हणजे नव्वद सालानंतरचा तो 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव इन वन'वाला ब्रिक गेम, ज्यात सगळे खेळ एकच होते. मी अंगठे लावले. माझा शूर योद्धा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मार्गिट सावकाश चालत आला. घाई त्यालाही नव्हती.

"परत मेला," काका म्हणाले. पण या वेळी ते माझ्या शेजारी, चिरंजीवांच्या खिडकीत बसलेले होते. जेवणाची पिशवी त्यांनी वरच्या फळीवर ठेवली. मग स्वतःच्या दोन मोकळ्या तळहातांकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं. सकाळच्या गाडीत ते दोन्ही एकाच वेळी बहुतेक त्यांना प्रथमच दिसत असावेत.

"द्या बघू इकडे, दादरपर्यंत," ते म्हणाले.

विलेपार्ल्याला ते मेले, सांताक्रूझला मेले. वांद्र्यानंतर मरायचे थांबले. दादर आलं, तेव्हा मी म्हटलं, "तुम्हाला इथे उतरायचं नव्हतं का?" त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोण बोललं?" मुंबई सेंट्रलला पत्तेवाले आमच्या डोक्यावर ओणवे होते. ग्रँट रोडला पट्टी नखाएवढी राहिली. मरीन लाइन्स सुटलं, काठी वर गेली, थांबली, अख्खा डबा थांबला, आणि पडदा काळा झाला.

एक तास वीस मिनिटं. बी-४०२चा हिशोब मिनिटाने चुकला नव्हता.

चर्चगेटला सगळे निमूट उतरले. काकांनी यंत्र दोन्ही हातांनी, प्रसादाची वाटी द्यावी तसं, माझ्या हातात दिलं, फळीवरची पिशवी घेतली आणि उलट दादरला जाणाऱ्या गाडीकडे वळता वळता म्हणाले, "उद्या तिसरा डबा. आणि पूर्ण चार्ज करून आणा."