एका आण्यामागे पाव पैसा

आमच्या आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे. बोर्ली पंचतनात तिच्या बरोबरीची बरीच मंडळी १ जानेवारीलाच जन्मली, असं सरकारचं म्हणणं. आजीला ते अजिबात मान्य नव्हतं. "थंडीतली? मेल्या, मी लावणीतली. आईच्या हातात आवणाची मूठ होती. ती लावून झाली, मग ती घरी आली."

"साल?" संगणकावरच्या पोराने विचारलं.

"नवाबाच्या राज्यात."

मला मध्ये पडावं लागलं. जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झालं, तोवर आजीचं लग्न होऊन एक म्हैस आणि दोन जावा तिच्या काबूत आल्या होत्या. तिथून मागे मोजत आम्ही १९३२ वर येऊन टेकलो.

नवाब गेला याचं आजीला विशेष काही नव्हतं. चिखल तोच, राब भाजायचा तोच. तिचा सरकारवर राग होता तो १९५७ सालचा. त्या एप्रिलात नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस, इथवर ठीक. पण एका आण्याचे हिशेबाने होतात सव्वासहा आणि हातात यायचे सहा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीने ही चोरी पहिल्याच आठवड्यात पकडली. तेव्हापासून तिने आण्याची वस्तू आण्याला विकली नाही. माठाची जुडी हवी? चार घ्या, नाहीतर चालू लागा. शेजारच्या घरात त्या पावसाळ्यात माठाशिवाय दुसरी भाजी शिजली नाही म्हणतात. पुढे मतं मागायला जो जो पडवीत आला, त्याला आजीने आधी पाव पैसा विचारला. एकाने तर वहीत लिहूनही घेतलं.

१९९७ साली शेजारी दिवेआगरला वाडीत सोन्याचा गणपती सापडला. आजीने वरकरणी नाक मुरडलं, पण त्या वर्षी आमच्या पोफळींची आळी कंबरभर खोल झाली. सापडली ती आजोबांची हरवलेली कोयती. ती हरवल्याबद्दल आजोबांना पुन्हा एकदा बोलणी बसली. तेव्हा त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

३ जून २०२०. निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. फोन बंद, वाट बंद. मी पोचलो तेव्हा पंधरवडा उलटला होता. वाडी आडवी झालेली, आणि आजी पडवीत अडकित्ता घेऊन बसलेली. मला वाटलं, आता गळ्यात पडून रडेल.

"एकशे बारा," ती म्हणाली. "विहिरीकडच्या मोजायच्यात अजून. रोपं कधी आणतोस?"

"आजी, पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात गं." अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला हे कसं सांगावं, याचा मी वाटेत बराच विचार केला होता.

तिने तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात सरकवली. "मग उभा काय राहिलास?"

त्या पावसात चव्वेचाळीस रोपं लावली. आजी २०२३ च्या लावणीत गेली. यंदा चार पोफळींना पोय आली आहे. बाकीच्या चाळीस अजून ढिम्म आहेत.