मेंढरं नसलेला मेंढका

पुण्याच्या फ्लॅटमधले सोफे फाडून झालेला बॉर्डर कॉली दत्तक द्यायला निघाला, की त्याच्या वर्णनाखाली 'शेत असणाऱ्यांना प्राधान्य' ही ओळ येतेच. ती वाचून पाटस-वरवंडकडच्या शेतघरवाल्यांची छाती फुगते. तीन एकरांत कुत्रं काय, हत्तीसुद्धा फिरेल! माझं म्हणणं एवढंच, की या कुत्र्याला एकर लागत नाहीत, तास लागतात. दत्तक देणाऱ्याने समोरच्याचा सातबारा बघू नये, घरातलं कोण दिवसभर रिकामं असतं ते विचारावं. (हा प्रश्न अपमानास्पद वाटेल, पण सातबाऱ्यापेक्षा त्याचं उत्तर खरं मिळतं.)

ही जात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची. आजच्या जवळजवळ सगळ्या बॉर्डर कॉलींची वंशावळ १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेल्या ओल्ड हेम्प या एका कुत्र्यापाशी जाऊन पोचते. तो फारसा न भुंकता, नुसता रोखून बघत मेंढ्या वळवायचा. टक लावणं, दबा धरणं, पाठलाग करणं हे सगळं मुळात लांडग्याच्या शिकारीचं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यातला शेवटचा घास तेवढा वगळला. असं कुत्रं तीन एकरांत सोडलं म्हणजे ते हौसेने एकटंच धावत बसेल, ही भाबडी समजूत आहे. त्याला हलणारं काहीतरी लागतं. शेतघरात काय हलतं? कोंबड्या, नातवंडांच्या सायकली आणि सकाळी फेऱ्या मारणाऱ्या सासूबाई. आठवड्याभरात तो या सगळ्यांना गोळा करून ओसरीच्या एका कोपऱ्यात बसवतो. कुटुंब एकत्र आणण्याचं जे काम घरच्या कर्त्याला जन्मात जमलं नाही ते कुत्र्याने केलं, म्हणून कौतुक होतं. पुढे सासूबाईंच्या टाचेला दात लागला, की कौतुक संपतं. कुंपणाला भगदाड असेल तर त्याहून वाईट, कारण पलीकडे पुणे-सोलापूर महामार्ग आहे आणि ट्रक काही वळत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, मेंढरं तर आपल्याकडे हवी तेवढी आहेत. आहेत खरी. दिवाळीच्या सुमाराला या कोरड्या पट्ट्यातले धनगरांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पण मेंढरं वळवायचं काम तिथे माणसंच करतात, शीळ आणि आरोळीवर. कुत्र्याचं काम राखणीचं आणि तेही मुख्यतः रात्रीचं, वाघरीभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती. कारण सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यापासून आसपासच्या माळांवर लांडगा अजून आहे. अशा कळपासमोर आपला कॉली दबा धरून, मान खाली घालून, टक लावून उभा राहिला, तर मेंढी त्याला काय समजेल? लांडगाच समजेल. धनगरी कुत्र्याचंही तेच मत पडेल आणि ते मत तो बोलून दाखवणार नाही.

मग निदान रात्री मोकळा सोडून राखण करून घेऊ, हा पुढचा युक्तिवाद. दौंड-शिरूरच्या उसात बिबट्या आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याच्या वजनात पाळीव कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला होता. म्हणजे राखणदार ठेवायचा तो कुणाच्या ताटात, याचा विचार आधी करावा. रात्री कुत्रं घरातच हवं आणि एप्रिल-मेच्या दुपारी, त्या दुहेरी लोकरीसकट, तेही घरातच. उरतात सकाळ आणि संध्याकाळ. तेवढ्यात त्याचे पाय दमवता येतील. डोकं दमवणं अवघड. अमेरिकेतली चेसर नावाची बॉर्डर कॉली १,०२२ खेळण्यांची नावं शिकली, हे लोक अभिमानाने सांगतात. पण तिला शिकवायला जॉन पिली तीन वर्षं, रोज चार-पाच तास बसत होते आणि ते मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते, हे सांगायचं राहून जातं.

एवढ्या अटी घातल्यावर बिचाऱ्याला घर मिळणार कसं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. एकदा टाकलेलं कुत्रं पुन्हा कुणी घेतलं नाही, तर ते पिंजऱ्यात आणखी बिघडतं. पण चुकीच्या घरी गेलेलं कुत्रं चार महिन्यांत परत येतं आणि तिसरं घर शोधणं दुसऱ्याहून कठीण. म्हणून आधी महिनाभर सांभाळायला न्यावं आणि ऊसतोड सुरू झाल्यावरही सकाळ-संध्याकाळ एकेक तास त्याला देता येतो का, ते पाहावं. माझ्या मते पाटसमधला सर्वांत लायक उमेदवार म्हणजे निवृत्त शिक्षक, जमीन गुंठाभर असली तरी चालेल. बागायतदारांनी गावातलंच एखादं वयात आलेलं, शांत देशी कुत्रं घ्यावं, त्याची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी आणि रात्री त्यालाही घरात घ्यावं.